१२ वर्षांच्या मुलाकडे आठवड्यातून एका रात्रीचा स्वयंपाक सोपवावा का?

तुम्ही विचारलंय की मुलगा १२ वर्षांचा आहे, बुधवारचं रात्रीचं जेवण त्याच्यावर सोपवलं तर चालेल का, सुरुवात कशाने करावी आणि अभ्यास मागे पडेल का. जाता जाता लिहिलंय, "मुलगी १४ ची आहे, ती पोळ्या लाटतेच." मला झोंबलं ते हेच वाक्य.

मुलीच्या हाती पोळपाट-लाटणं आणि मुलाला 'शेफ'चा मान, ही वाटणी घरोघरी दिसते. रविवारी मुलगा पास्ता करतो, घरदार फोटो काढतं आणि सिंकमधला ढीग बहीण उपसते. याला स्वयंपाक म्हणत नाहीत. पोळी आली की स्वयंपाक आला, हेही मला कधी पटलेलं नाही. पोळी हा हाताच्या सवयीचा भाग आहे, सहा महिन्यांत बसते. चार जणांचं जेवण साडेआठला गरम ताटात पडणं, हे खरं अवघड काम. तेव्हा मुलाला द्याच, पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून आणा, आणि बुधवार आलटून-पालटून दोघांचा ठेवा.

बुधवार निवडलात ते बरं केलंत. नाशिकच्या गंगाघाटावरचा बाजार त्याच दिवशी असतो. पैसे आणि यादी त्याच्या हातात द्या, काकडी-कोथिंबीर त्यालाच आणू दे. (पावसाळ्यात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पुराचं पाणी लागलं की घाट विसरा, कोपऱ्यावरचा भाजीवाला आहेच.)

पहिले चार बुधवार एकच बेत: वरण-भात, बटाट्याच्या काचऱ्या, काकडीची कोशिंबीर. घड्याळ उलटं मोजायला लावा. साडेआठला जेवायचं तर सातला डाळ-तांदूळ धुऊन भिजले पाहिजेत, साडेसातला कुकर गॅसवर, आठ-पाचला वाफ गेलेली, सव्वाआठला वरणाला उकळी. मुलं आधी कोशिंबीर करून ठेवतात. मग तिला पाणी सुटतं आणि दाण्याचं कूट लगदा होऊन बसतं. काकडी चोचवून आधी ठेवली तरी चालेल. मीठ, कूट आणि फोडणी ताटं घेताना.

आता कुकर, कारण सगळी भीती तिथेच आहे. पाच लिटरचा घ्या. तळात दोन वाट्या पाणी, खालच्या डब्यात पाऊण वाटी तूरडाळ आणि दोन वाट्या पाणी, हळद, हिंग, तेलाचे चार थेंब. तेलाने फेस कमी येतो, नाहीतर तो वर चढून शिटीचं भोक चोंदवतो. वरच्या डब्यात दीड वाटी तांदूळ, तीन वाट्या पाणी. इगतपुरीकडचा नवा इंद्रायणी असेल तर पाव वाटी पाणी कमी, नाहीतर भात आसट होतो. झाकण लावण्याआधी शिटी काढून भोकातून उजेड दिसतो का ते बघायचं. हे दर वेळी. पहिली शिटी मोठ्या आचेवर, पुढच्या तीन मध्यम आचेवर, मग बंद. दहा-पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. शिटी पळीने किंचित उचलली आणि फुस्स झालं, तर अजून थांबायचं. पंधरा मिनिटं झाली आणि एकही शिटी नाही, तर गॅस बंद: बहुधा रिंग सैल झालीय किंवा तळात पाणी कमी पडलंय. पाणी आटून कुकर कोरडा पडला की सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो, मग तो बदलेपर्यंत कुकर लावायचा नाही.

आमसूल, चिंच डाळीत आधी घालायची नाही. आंबटाने डाळ शिजायला वेळ लागतो. डाळ रवीने घोटून गरम पाणी, सपाट चमचाभर मीठ, मग आंबट.

फोडणीत घोटाळा एकच: सगळं एकदम टाकतात. तेलात आधी मोहरीचा एकच दाणा टाकून बघायचा. तडतडला की बाकीची, ती फुटली की आच बारीक करून जिरं, हिंग, शेवटी कढीपत्ता. कढीपत्ता फडक्याने पुसलेला हवा. ओला पडला की तेल उडतं, पोर मागे सरतं आणि हातातली पळी सुटते. काचऱ्यांचे काप दोन पाण्यांत धुऊन पुसून घ्यायचे. पिठूळपणा राहिला की कढईला चिकटतात आणि ढवळून ढवळून त्यांचा भुगा होतो.

तुम्ही स्वयंपाकघरात उभं राहायचं नाही, बाहेर हाकेच्या अंतरावर बसायचं. गुपचूप मीठ तर अजिबात घालायचं नाही. अळणी झालं तर ताटात वाढून घ्या. आजींना 'माझ्याकडे दे, मी करते' म्हणायची सवय असते. त्या वेळात त्यांना फिरायला पाठवा.

थोडं उशिरा सांगतोय, पण हे सोडू नका. ओट्याच्या वर कोपर येत नसेल तर भक्कम पाट द्या, डुगडुगतं स्टूल नको. विळी आताच नको, चाकू छोटा पण धारदार. बोथट चाकूच घसरतो. तळणं आणखी दोन वर्षांनी. ढगळ बाह्या, सिंथेटिक कपडे नकोत. आधी लायटर, मग बटण. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन. भाजलं तर वीस मिनिटं नळाखाली. टूथपेस्ट, हळद काही नाही. आणि पहिले दोन बुधवार कुकर उघडताना तुम्ही शेजारी असा, बाहेर बसायचं म्हटलं ते तिसऱ्यापासून.

अभ्यासाचं म्हणाल तर आठवड्यातले दोन तास. तेवढे मोबाइलमधून काढता येतात.

भांडी तोच घासेल. कुकरचे डबे जेवायला बसण्याआधी पाण्यात टाकायला सांगा, वाळलेला भात खरवडण्यात पाऊण तास जातो.