गणित-विज्ञान शिक्षक प्रशिक्षणाच्या अनुदानाचा हिशेब आणि अहवाल कसा सांभाळावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधीतून तुमच्या संस्थेला वर्षभरासाठी २४ लाख रुपये मंजूर झाले आहेत. त्यातून जिल्हा परिषद शाळांतल्या सहावी ते आठवीच्या १२० गणित-विज्ञान शिक्षकांचं प्रशिक्षण करायचं आहे. हिशेब आणि अहवाल दोन्ही तुमच्याकडे आलं आहे, तर ते कसं लावावं?

बहुतेक संस्थांत हिशेब लेखापालाकडे आणि अहवाल समन्वयकाकडे असतो. मार्चमध्ये दोन्ही कागद शेजारी ठेवले की आकडे जुळत नाहीत. अहवालात १२० शिक्षक, जेवणाची बिलं १२० जणांची आणि हजेरीपटावर सह्या ९०च्या आसपास, असं दिसतं. यात दरवेळी लबाडी असते असं नाही. दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात. म्हणून माझा पहिला सल्ला: दोन्हींचं माप एकच ठेवा, शिक्षक-दिवस. एक शिक्षक एक पूर्ण दिवस बसला की एक शिक्षक-दिवस. अंदाजपत्रक, हजेरी, बिलं, तिमाही अहवाल, सगळं याच मापात मांडा.

तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो. ४० जणांच्या ३ तुकड्या आणि प्रत्येकीला वर्षात ८ दिवस धरले तर २४ प्रशिक्षण दिवस आणि ९६० शिक्षक-दिवस होतात. जेवण-चहा २५० आणि प्रवास २०० हा माणशी खर्च. सभागृह रोज ५,००० आणि दोन सुलभकांचं (प्रशिक्षण देणाऱ्यांचं) मिळून मानधन रोज ६,०००, हा खर्च समोर ४० जण असोत की २८, तेवढाच होणार. छपाई माणशी रोज ७५. हे सगळं ७,६८,००० होतं, म्हणजे शिक्षक-दिवसाला ८००. त्यावर प्रत्येकी ४,००० चे १२० साहित्य संच (४,८०,०००), प्रत्येक शिक्षकाकडे ६०० रुपये खर्चाच्या ३ शाळाभेटी (२,१६,०००), एक समन्वयक महिना ३०,००० आणि दोन क्षेत्र कार्यकर्ते महिना १८,००० प्रमाणे (७,९२,०००). उरलेले १,४४,००० कार्यालय, लेखापरीक्षण आणि मूल्यमापनाला. बेरीज बरोबर २४ लाख. दर तुमच्या तालुक्याप्रमाणे बदला, पण माणशी खर्च आणि दिवसाचा ठरलेला खर्च वेगळे ठेवा.

ते वेगळे का, तर समजा प्रत्यक्षात ७८० शिक्षक-दिवस झाले. माणशी ४५० प्रमाणे जेवण-प्रवासाचे ८१,००० वाचायलाच हवेत. ते वाचलेले दिसले नाहीत तर लेखापरीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवेल. सभागृह, मानधन आणि आधीच करून ठेवलेली छपाई यांचा खर्च मात्र पूर्ण लागेल, त्यामुळे दर ८०० वरून ८८१ च्या आसपास जाईल. हा वाढलेला दर अहवालात स्वतःहून लिहा आणि उपस्थिती का घटली ते सांगा. कंपनीच्या माणसाला असा आकडा समजतो आणि पटतो.

उपस्थिती घटण्याची कारणं बहुधा प्रशिक्षणाच्या दर्जात नसतात, तारखांत आणि आदेशात असतात. शिक्षकाला शाळेतून कार्यमुक्त करण्याचा आदेश शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडून निघतो आणि गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक अशा वाटेने खाली येतो. किमान ३ आठवडे आधी शाळानिहाय नावांची यादी जोडून पत्र द्या; "संबंधित शिक्षकांनी उपस्थित राहावे" एवढाच आदेश निघाला तर कोणीतरी मोकळा असलेला शिक्षक पाठवला जातो आणि तो भाषेचा असतो. सहावी ते आठवीला विज्ञान-गणितासाठी निदान एक शिक्षक असावा असं शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात आहे, त्यामुळे नाव शोधणं अवघड नसतं. एका शाळेतले दोघे एकाच तुकडीत घेऊ नका, शाळा उघडी राहायला हवी. डायटला (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला) सुरुवातीपासून सोबत घ्या, नाहीतर त्याच आठवड्यात त्यांचंही प्रशिक्षण निघतं. गणपती, दिवाळीची सुटी, सत्र परीक्षा आणि निवडणुकीची कामं वगळली की हाताशी जुलै-ऑगस्ट आणि नोव्हेंबर अखेर ते जानेवारी एवढेच दिवस उरतात. सामंजस्य करारातले हप्ते या तारखांशी बांधून घ्या. पहिला हप्ता सप्टेंबरात आला तर पावसाळ्यातली तुकडी गेलीच म्हणून समजा.

हजेरीपटावर सकाळी आणि दुपारी अशा दोन सह्या घ्या. रकान्यांत नाव, शालार्थ आयडी (शिक्षकाचा पगार प्रणालीतला क्रमांक) आणि शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) असू द्या. हे दोन्ही क्रमांक लागतात, कारण बदल्यांच्या हंगामात शिक्षक दुसऱ्या शाळेत जातो. प्रशिक्षण त्याच्यासोबत जातं, साहित्य संच मात्र मूळ शाळेत राहतो. फक्त शाळेवरून नोंद ठेवली तर पुढच्या वर्षी अप्रशिक्षित शिक्षक प्रशिक्षित म्हणून मोजला जातो. आधार क्रमांक गोळा करू नका, या कामाला त्याची काहीच गरज नाही.

खर्चाच्या प्रत्येक व्हाउचरवर तुकडीचा क्रमांक आणि तारीख लिहा, आणि मूळ बिलावर कोणत्या अनुदानातून रक्कम दिली त्याचा शिक्का मारा. दोन अनुदानं चालवणाऱ्या संस्थेत एकच बिल दोन्हीकडे लागण्याची चूक याने थांबते. एका व्यक्तीला एका दिवसात १० हजारांवर रोख देऊ नका. आयकरात ती रक्कम न्यासाचा खर्च म्हणून धरली जात नाही. सुलभकांचं मानधन कर कपातीच्या मर्यादेपलीकडे गेलं की १० टक्के उद्गम कर (टीडीएस) कापायचा असतो, म्हणून पॅन पहिल्या दिवशीच घ्या. जानेवारीत पॅनसाठी फोन करत बसण्यात फार वेळ जातो. शिक्षकांचा प्रवासखर्च थेट खात्यात द्या आणि अर्जावर "या प्रवासाचा भत्ता अन्य कोणत्याही कार्यालयाकडून घेतलेला नाही" अशी एक ओळ ठेवून सही घ्या. एखादा कर्मचारी अर्धा वेळ दुसऱ्या प्रकल्पावर असेल तर महिन्याचं वेळपत्रक लागेल, अंदाजाने अर्धा पगार टाकलेला चालत नाही.

इथे एका गैरसमजाबद्दल सांगतो. सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांवर चालत नाही, म्हणून समन्वयकाचा पगार काढा, असं कंपनीकडून ऐकायला मिळतं. नियमातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापन खर्चावर आहे. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च त्या व्याख्येतून वगळलेला आहे. शाळाभेटी देणारा माणूस म्हणजेच अंमलबजावणी. हे लेखी, नम्रपणे आणि करारावर सही होण्याआधी मांडा. शाळाभेटींचा पैसा कापलेलं प्रशिक्षण घेऊच नका, असंच मी सांगेन. आठ दिवस बोलून वर्गात काय झालं ते कोणी पाहिलंच नाही, तर अहवालात लिहायला फक्त हजेरी उरते.

साहित्य संचाचं थोडक्यात. बिल संस्थेच्या नावाने, पुरवठादाराच्या जीएसटी क्रमांकासह घ्या. टिकाऊ वस्तू (होकायंत्र, भिंगं, ताणकाटा, जिओबोर्ड, दशमान ठोकळे) आणि संपणाऱ्या वस्तू (लिटमस, सेल, बल्ब, तारा) यांच्या याद्या वेगळ्या करा. टिकाऊ वस्तूंची शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद करून त्या पानाचा फोटो घ्या, ती तुमची खरी पोच. सेल संचात बंद करून पाठवू नका. कपाटात महिनोन्‌महिने पडले की गळतात आणि धारकाचे स्प्रिंग गंजतात. ते पहिल्या शाळाभेटीला हातात द्या.

आता परिणामाचं मोजमाप. इथे सर्वांत जास्त चुका होतात. नेहमीची पद्धत म्हणजे पहिल्या सकाळी पूर्वचाचणी, शेवटच्या दुपारी उत्तरचाचणी आणि दोन्ही सरासरींतला फरक अहवालात. पूर्वचाचणीला ४० जण आणि उत्तरचाचणीला ३१ असतील तर हा फरक निरर्थक आहे, कारण न समजल्याने गळालेले ९ जण वजा झाले की सरासरी आपोआप चढते. दोन्ही चाचण्या दिलेल्यांचेच गुण शालार्थ आयडीवरून जोडीने तुलना करा, आणि किती जोड्या मिळाल्या तो आकडा शेजारी छापा. उत्तरचाचणी पुन्हा ३-४ महिन्यांनी शाळाभेटीतही घ्या. दोन तासांपूर्वी ऐकलेलं आठवणं आणि ते पक्कं होणं यात फरक आहे.

प्रश्न १०-१२ पुरेत, पण ते पाठांतराचे नकोत. "ओहमचा नियम लिहा" याने शिक्षकाबद्दल काही कळत नाही. त्याऐवजी विचारा: सहावीतला मुलगा ०.३५ ही संख्या ०.४ पेक्षा मोठी म्हणतो, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. त्याने काय गृहीत धरलं आहे, आणि तुम्ही पुढचा प्रश्न कोणता विचाराल? किंवा: एक सेल, एक बल्ब आणि एकच तार देऊन बल्ब पेटवायचा आहे, आकृती काढा. बल्बची दोन टोकं नेमकी कुठे असतात हे शिक्षकाला माहीत आहे का, ते यातून लगेच दिसतं, आणि बरेच पदवीधर इथे अडतात. असे प्रश्न तपासायला वेळ लागतो, म्हणून ०-१-२ गुणांची उत्तरसूची आधी लिहा आणि काही उत्तरपत्रिका दोघांनी स्वतंत्र तपासून गुण जुळतात का ते पाहा.

शाळाभेटीचा तक्ता एका पानाचा ठेवा. पहिली भेट प्रशिक्षणानंतर ३-४ आठवड्यांत द्या. पूर्ण तासिका बसून चार गोष्टी नोंदवा: घटक कोणता, साहित्य वापरलं का, ते कोणाच्या हातात होतं (शिक्षकाच्या की मुलांच्या), आणि मुलांनी स्वतःहून विचारलेला एक तरी प्रश्न शब्दशः. पाचपैकी किती तारे असल्या गुणपट्ट्या टाळा. प्रत्येक कार्यकर्त्याचे तारे वेगळे पडतात आणि वर्षअखेर सगळे चारवर येऊन थांबतात. साहित्य कोणाच्या हातात होतं, या एका नोंदीवरून पहिल्या आणि तिसऱ्या भेटीतला बदल नीट मोजता येतो.

तिमाही अहवाल दोन पानांचा पुरे. पहिल्या पानावर ठरलेले आणि झालेले शिक्षक-दिवस, मंजूर आणि झालेला खर्च, १० टक्क्यांहून अधिक फरकाचं कारण. दुसऱ्यावर चाचणीच्या जोड्या, शाळाभेटींचं निरीक्षण आणि काय चाललं नाही ते. फोटो ४-५ पुरेत. मुलांचे चेहरे असतील तर मुख्याध्यापकांमार्फत पालकांची संमती आधी घ्या. खर्चाच्या एका शीर्षातून दुसऱ्यात पैसे वळवायचे असतील तर खर्च होण्याआधी ईमेलने लेखी परवानगी मागा, नंतर मागितलेली परवानगी फाईलमध्ये नेहमी कमकुवत दिसते.

वर्षअखेरीकडे नजर जानेवारीतच लावा. खर्च मंजुरीप्रमाणेच झाला हे कंपनीच्या वित्त प्रमुखाला संचालक मंडळासमोर प्रमाणित करावं लागतं, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये तुमच्यामागे तगादा लागतो. पुरवठादाराला दिलेली आगाऊ रक्कम हा खर्च नाही. ३१ मार्चपर्यंत माल आणि बिल दोन्ही यायला हवं. पैसे उरणार असं दिसलं तर फेब्रुवारीतच रकमेसह कळवा. प्रकल्प "चालू प्रकल्प" (एका वर्षापलीकडे चालणारा) म्हणून मंजूर असेल तर न खर्चलेली रक्कम कंपनीला आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या ३ वर्षांत वापरता येते. तसा नसेल तर ती कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ७ मधल्या एखाद्या निधीत जाते आणि तुमच्या शिक्षकांपर्यंत परत येत नाही. म्हणून तुमच्या संस्थेच्या सीएसआर-१ नोंदणी क्रमांकाबरोबर (सीएसआर निधी घेण्यासाठी संस्थेने करायची नोंदणी) "चालू प्रकल्प" हा उल्लेखही करारात आहे का ते आजच पाहा. स्वतंत्र प्रभाव मूल्यमापनाची सक्ती १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांना, आणि तीही मोठं सीएसआर दायित्व असलेल्या कंपन्यांनाच आहे, तुमच्या २४ लाखांना नाही.

पुढे कधी केंद्र सरकारचं अनुदान घेतलंत तर मुख्य फरक दोन. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामालाच लागल्याचा दाखला) सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ च्या १२-अ नमुन्यात द्यावं लागतं, आणि अनुदानावर बँकेने दिलेलं व्याज भारताच्या संचित निधीत (सरकारी तिजोरीत) भरावं लागतं. ते प्रकल्पावर खर्च केलंत तर काढून भरावं लागेल. सीएसआरमध्ये व्याजाचं काय हे करार ठरवतो. तुमच्या करारात ते कलम नसेल तर पहिला हप्ता जमा होण्याआधी एक पत्र पाठवून विचारून घ्या आणि त्यांचं उत्तर फाईलला लावा.