अवकाशस्थानकाचा आवाज गोव्यात ऐकू येईल का?

प्रश्न : आमचे घर सत्तरीतील एका दरीत आहे. मोबाइलला रेंज मिळवायची तर टेकडी चढावी लागते. मग चारशे किलोमीटर उंचीवरील अंतराळवीर जमिनीशी कसे बोलतात? त्यांचा आवाज आपल्याला थेट ऐकता येईल का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : आपल्या फोनची वाट डोंगर अडवतो, अवकाशस्थानक डोक्यावर असताना मध्ये आडोसाच नसतो, म्हणून चारशे किलोमीटर हे अंतर रेडिओलहरींना जड जात नाही. अडचण पुढेच येते, कारण ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने जाणारे स्थानक काही मिनिटांतच क्षितिजाआड जाते. १९८४ मध्ये राकेश शर्मा सॅल्यूट-७ या सोव्हिएत अवकाशस्थानकावर होते, तेव्हा संभाषणासाठी स्थानक प्रामुख्याने एखाद्या भूकेंद्राच्या किंवा समुद्रात उभ्या केलेल्या सोव्हिएत संपर्क-जहाजाच्या टप्प्यात यावे लागे. आज आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाचा आवाज आधी सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील नासाच्या उपग्रहांकडे जातो आणि तेथून जमिनीवर उतरतो. या फेऱ्यामुळे शब्द पोहोचायला साधारण पाव सेकंद लागतो. आवाजासाठी एस-बँड हा रेडिओलहरींचा पट्टा, तर चलच्चित्रे व प्रयोगांच्या माहितीसाठी अधिक क्षमतेचा केयू-बँड मुख्यत्वे वापरतात.

स्थानकाबाहेर काम करणाऱ्या अंतराळवीराच्या शिरस्त्राणाखाली कापडी टोपी असते. तिच्यात दोन मायक्रोफोन आणि दोन इअरफोन बसवलेले असतात, कारण एक बंद पडला तरी संवाद तुटता कामा नये. निर्वात पोकळीत हाक ऐकूच जात नाही, हे लक्षात घेतले की या साध्या दिसणाऱ्या टोपीचे मोल कळते.

आता आपला दुसरा प्रश्न, जो मला अधिक जवळचा वाटतो. होय, ऐकता येईल. स्थानकावर हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचालकांच्या रेडिओचा, संच आहे आणि तो १४५.८०० मेगाहर्ट्झवर एफएम पद्धतीने बोलतो. २०२५ च्या जुलैत स्थानकावर असलेले भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांनी भारतातील विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओद्वारे संवाद साधला होता. स्थानक गोव्यावरून जाते तेव्हा ते फार तर दहा मिनिटे टप्प्यात असते, आणि जवळ येताना व दूर जाताना त्याची वारंवारिता सुमारे साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत वर-खाली सरकते. दरीपेक्षा टेकडीचा माथा किंवा मिरामारसारखा मोकळा किनारा निवडावा, म्हणजे स्थानक क्षितिजावर येताच संकेत मिळू लागेल. अंतराळवीर सतत प्रक्षेपण करत नाहीत, त्यामुळे शाळांशी होणाऱ्या संवादांच्या वेळा आधी पाहून ठेवाव्यात. त्यांच्याशी स्वतः बोलायचे असेल, तर मात्र परीक्षा देऊन हॅम परवाना घ्यावा लागेल.