चित्राखाली नाव कुणाचं?

प्रश्न : ताई, मी शहाद्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी आई पावरा आदिवासी, वडील पाटील. इतिहासाच्या सरांनी मेक्सिकोतली जुनी चित्रं पडद्यावर दाखवली. प्रत्येक चित्रात नवरा, बायको आणि लेकरू. आईबाप वेगवेगळ्या वंशांचे. मला फार आवडली. आमच्या घरात दोन्हीकडच्या माणसांचा एकत्र फोटोच नाही. स्पॅनिश बाप आणि तिथली आदिवासी आई असलेलं चित्र छापून घरी लावावं म्हणते. पण सर म्हणाले, ही चित्रं माणसांची उतरंड दाखवायला काढलेली आहेत. लावू की नको?
— एक वाचक, शहादा

उत्तर : बाळा, सर म्हणाले ते खरं आहे. अठराव्या शतकात मेक्सिको स्पेनच्या राजाच्या ताब्यात होता, तेव्हाची ही चित्रं. बहुतेक वेळा सोळांचा संच. स्पॅनिश पुरुष आणि मूळ रहिवासी स्त्री यांचं मूल मेस्तिसो. मेस्तिसा मुलगी स्पॅनिश घरात दिली की तिचं मूल कास्तिसो, आणि कास्तिसा मुलगी पुन्हा स्पॅनिश घरात गेली की होणारं मूल थेट ‘स्पॅनिश’. तिसऱ्या पिढीत डाग धुतला, असा हिशेब. आता आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या बाईचा वंश बघ. दर पिढीला बाप स्पॅनिशच, तरी मूल आधी मुलातो, मग मोरिस्को, मग आल्बिनो, आणि त्यापुढे ‘तोर्ना आत्रास’, म्हणजे मागे फिरलेलं. त्या बाईच्या लेकरांना परतीची वाटच ठेवलेली नाही. या चित्रांतलं मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मनुस्मृतीचा दहावा अध्याय वाच. ब्राह्मण बाप आणि वैश्य आई असेल तर मूल अंबष्ठ; शूद्र बाप आणि ब्राह्मण आई असेल तर चांडाळ. बाप वरचा असला तर चालवून घ्यायचं, आई वरची असली तर शिक्षा लेकराला. मेक्सिकोच्या संचांतही वरच्या चौकटींत स्पॅनिश असतो तो बहुतेक पुरुषच.

चित्रं देखणी आहेत, यात वाद नाही. मिगेल काब्रेरा याने १७६३ मध्ये केलेला संच मी छापील पुस्तकात पाहिला. कापड रंगवण्यात या माणसाचा हात धरणारा विरळा. पण तीस वर्षं चाळीसगावला पोरांना चित्रकला शिकवली असल्याने मी आधी बघते ते कुणाला कुठला रंग आणि कुठलं कापड दिलंय ते. अशा संचांत खाली खाली जावं तसे कपडे फाटत जातात. आंद्रेस दे इस्लास याच्या १७७४ च्या संचात आफ्रिकन बायको स्वयंपाकघरातच स्पॅनिश नवऱ्याचे केस धरून त्याच्यावर हात उगारते आणि लहान मुलगी मध्ये पडते. मारामारीसाठी नेमकं तेच घर निवडलं, हे काही सहज झालेलं नाही.

यातले बरेच संच व्हाइसरॉय, बिशप, मोठे अधिकारी यांनी करवून घेतले आणि स्पेनला नेले. खुद्द तिथल्या गोऱ्यांनाही ते खटकत होतं. आंद्रेस दे आर्से इ मिरांदा या तिथल्याच धर्मगुरूने १७४६ मध्ये तक्रार केली होती की अशा चित्रांनी आपली बदनामीच होते.

खरं आयुष्य मात्र चौकटीत बसत नव्हतं. चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वह्या स्पॅनिशांच्या वेगळ्या, इतरांच्या वेगळ्या. तरी पुढे स्पेनविरुद्धच्या बंडाचा पुढारी झालेला, मिश्र वंशाचा होसे मारिया मोरेलोस १७६५ मध्ये ‘स्पॅनिश’ म्हणून नोंदला गेला. त्याच मोरेलोसने १८१० मध्ये बंडाच्या धामधुमीत जाहीर केलं की यापुढे इंडियन (म्हणजे तिथले मूळ रहिवासी), मुलातो वगैरे म्हणायचं नाही, सगळे अमेरिकन. १८२२ मध्ये स्वतंत्र मेक्सिकोने कागदपत्रांत वंश लिहिणंच बंद केलं.

तर माझं मत : ते चित्र भिंतीवर लावू नकोस. अभ्यासाच्या वहीत ठेव. त्यातल्या बाईचं नाव कुठेच नाही, बापाचंही नाही. खाली लिहिलाय फक्त वंश. तुझ्या आईचं असं चित्र घरात नको. शाळेत ‘माझं कुटुंब’ हा विषय दिला की पोरं आईला गुलाबी रंगवायची, उन्हात राबून रापलेल्या आईलासुद्धा. तेव्हा मी म्हणायची, घरी जाऊन आईचा हात नीट बघून या. सारंगखेड्याच्या यात्रेला दोन्ही आज्यांना घेऊन जा, तिथे फोटो काढून घे, आणि खाली प्रत्येकीचं नाव आणि गाव लिही.

प्रश्न : याच चित्रांत फळं, भाज्या इतक्या का असतात?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : स्पेनमधल्या लोकांना तिकडच्या मुलखाची श्रीमंती दाखवायची होती म्हणून. लुईस दे मेना याच्या १७५० च्या सुमाराच्या चित्रात वर ग्वादालुपेची माता (मेक्सिकोत पुजली जाणारी मेरी), मध्ये कुटुंबं आणि खाली नंबर घातलेली फळं आहेत. आपल्याकडची पपई आणि सीताफळही मूळची त्याच खंडातली. पेरू देशाचा व्हाइसरॉय मान्युएल दे आमात याने १७७० मध्ये वीस चित्रांचा संच स्पेनला पाठवला, तो राजघराण्याच्या निसर्गवस्तूंच्या संग्रहासाठी. तो आता माद्रिदच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे.