‘फिफ्थ थर्ड’ हे बँकेचं नाव असं कसं? आणि ‘बँकॉर्प’ म्हणजे नक्की काय?

‘पाचवी तिसरी’ म्हटलं की शाळेचा वर्ग आठवतो, पण हिशोब साधा आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात थर्ड नॅशनल आणि फिफ्थ नॅशनल अशा दोन बँका होत्या. 1908 साली त्या एक झाल्या आणि दोन्ही नावं जोडली गेली. मग ‘थर्ड फिफ्थ’ का नाही? तेव्हा दारूबंदीची चळवळ जोरात होती आणि ‘फिफ्थ’ हे दारूच्या बाटलीचं माप, म्हणून क्रम उलटा ठेवला, असं सांगतात. मला तरी ही दंतकथाच वाटते, पण आहे झकास.

आता ‘फिफ्थ थर्ड बँकॉर्प’ या नावातलं बँकॉर्प. ही बँकेची मालक कंपनी, म्हणजे होल्डिंग कंपनी. शेअर बाजारात शेअर असतात ते हिचे. ठेवी आणि कर्जं मात्र तिच्या मालकीच्या बँकेत. तिकडे एका राज्यातल्या बँकेला दुसऱ्या राज्यात शाखा काढायला फार काळ आडकाठी होती, ती 1994 च्या कायद्याने बरीच सुटली. तोवर मालक कंपनीखाली वेगवेगळ्या बँका ठेवणं हीच वाट होती.

फिफ्थ थर्डचा धंदा नेहमीचाच: ठेवी, उद्योगांना कर्जं, गाड्यांची कर्जं. पण कार्ड-व्यवहारांची प्रक्रिया हा त्यांचा खरा हुकमी एक्का होता. 2009 मध्ये त्यातला मोठा हिस्सा त्यांनी विकला. कार्ड-व्यवहारांची ती कंपनी पुढे व्हँटिव्ह झाली आणि नंतर वर्ल्डपे. 2019 मध्ये फिफ्थ थर्डने शिकागोची एमबी फायनान्शियल ही बँक कंपनी घेतली, तर ऑक्टोबर 2025 मध्ये डॅलसची कोमेरिका ही बँक घेण्याचा करार जाहीर केला.