रात्री छातीवर बसतं ते काय असतं, आणि त्या अर्ध्या गोळीबद्दल

प्रिय पोरी,

तुझा मेसेज सकाळी बघितला. कॉलेजला निघायच्या गडबडीत फक्त 'घाबरू नको, सविस्तर लिहिते' एवढंच टाकलं, कारण हे दोन ओळीत सांगण्यासारखं नाहीये आणि फोनवर तू नुसतं हो मॅडम हो मॅडम करतेस. त्यामुळं लिहितेय, सावकाश वाच.

तू लिहिलंयस की पहाटे जाग येते, पंखा दिसतो, शेजारच्या कॉटवर झोपलेली मैत्रीण दिसते, पण हात हलत नाही, ओरडायला जावं तर आवाज फुटत नाही, दाराजवळ कुणीतरी उभंय असं वाटतं आणि मग ते येऊन छातीवर बसतं. आजीला सांगितलंस तर ती म्हणाली बाहेरचं लागलंय, गावाकडं ये, देवरुष्याला दाखवू. मैत्रीण म्हणाली टेन्शन आहे तुला, ही अर्धी गोळी घे आणि झोप. दोघींचा तुझ्यावर जीव आहे, त्यात शंका नाही, पण ह्या बाबतीत दोघींचंही ऐकू नकोस. का ते नीट समजून घे, तू सायकॉलॉजी शिकलेली आहेस, तुला मी अर्धवट सांगणार नाही.

ह्याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. रात्रीची झोप एकसारखी नसते, साधारण 90 मिनिटांचं एक चक्र, आणि रात्रीत अशी चार-पाच चक्रं. 1953 साली शिकागोमध्ये युजीन असेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं की झोपेत मधूनमधून बंद पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात आणि नेमकं त्या वेळी माणसाला उठवलं तर तो बहुतेक वेळा स्वप्न सांगतो. ती रेम झोप. त्या वेळी मेंदू जवळपास जागेपणीइतकाच कामात असतो, पण ब्रेनस्टेममधून, म्हणजे मेंदूच्या बुडातल्या देठातून, खाली मज्जारज्जूकडं निरोप गेलेला असतो की स्नायू बंद ठेवा. ट्रॅक्टरचा क्लच दाबून धरल्यावर इंजिन चालू आणि चाक मात्र जागच्या जागी, तसं. डोळे आणि श्वासाचा मुख्य पडदा सोडला तर बाकी अंग सैल. हे आपल्या भल्यासाठीच आहे. फ्रान्समध्ये लिऑनला मिशेल जूव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला हा निरोप देणारा भाग निकामी केला तर ती मांजरं झोपेतच उठून, समोर काही नसताना झडप घालायला लागली. म्हणजे हा निरोप नसता तर आपण सगळेच रात्री स्वप्नात पळताना भिंतीवर आपटलो असतो.

आता तुझं काय होतं, तर रेम झोपेतून जाग येते पण तो निरोप मागं घ्यायला शरीराला थोडा उशीर लागतो. काही सेकंद, कधी एक-दोन मिनिटं. तेवढ्यात तू जागीही असतेस आणि स्वप्नही संपलेलं नसतं, म्हणून खरी खोली आणि स्वप्नातली माणसं एकाच वेळी दिसतात. छातीवर दाब का, तर रेममध्ये बरगड्यांमधले स्नायू सैल असतात, श्वास उथळ चालतो, तू मुद्दाम खोल श्वास घ्यायला जातेस आणि छाती ऐकत नाही, त्याचा अर्थ मेंदू 'कुणीतरी दाबतंय' असा लावतो. आणि भीती निर्माण करणारी मेंदूतली जागा, अमिग्डाला, ती रेममध्ये आधीच तापलेली असते. कारण नसताना भीती जाणवली की मेंदू कारण शोधतो, अंधारात दाराजवळ माणूस उभा करतो. जपानमध्ये ह्यालाच कानाशिबारी म्हणतात, कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी येऊन बसते म्हणतात, आपल्याकडं कुठं मुंजा कुठं हडळ. 2011 सालच्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं की सर्वसाधारण लोकांत साधारण 8 टक्के लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो आणि विद्यार्थ्यांमध्ये मात्र 28 टक्के. विद्यार्थ्यांमध्येच जास्त का, हे मला तुझ्याकडं बघून लगेच कळतं. अपुरी झोप, वेळेचा पत्ता नाही, परीक्षेची धास्ती, दुपारी पुस्तकावरच डोळा लागणं. 1992 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी लोकांची रात्रीची झोप मध्येच मोडून, थोडा वेळ जागं ठेवून, परत झोपायला लावून हा अनुभव प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून दाखवला. तू रोज हेच करतेस, अडीचला पडायचं, साडेपाचला अलार्म, परत अर्धा तास लोळायचं, मग दुपारी अभ्यासिकेत डुलक्या. मेंदूला रेम कमी पडते, मग ती संधी मिळेल तिथं घुसते, झोप लागल्या लागल्या सुद्धा.

पुढच्या वेळी आलं तर झटापट करू नकोस. पूर्ण अंग उठवायला जाऊ नकोस, फक्त पायाचा अंगठा किंवा करंगळी हलवायचा प्रयत्न कर, डोळे डावी-उजवीकडं फिरव, श्वास आपोआप चालतोय हे स्वतःला सांग. उताण्यानं झोपायचं सोड, कुशीवर झोप, उताणं झोपल्यावर हे जास्त होतं. आणि एक विचारायचं राहिलं, तुला दिवसा चालताबोलता आवरणार नाही अशी झोप येते का, किंवा जोरात हसल्यावर गुडघ्यातनं बळ गेल्यासारखं होतं का? तसं असेल तर तो नार्कोलेप्सी नावाचा वेगळा आजार असू शकतो, त्याला तपासणी लागते. नसेल तर घाबरण्याचं कारण नाही.

आजीवर चिडू नकोस. मीठ-मोहऱ्या ओवाळून तिच्या मनाला बरं वाटत असेल तर ओवाळू दे. पण देवरुष्याकडं जाऊन धुरी, मारहाण, उपास असलं काही होणार असेल तर ठाम नाही म्हण. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं आपल्या राज्यात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्या कायद्यासाठी साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर किती वर्षं झगडले आणि त्याच वर्षी त्यांचा खून झाला हे तुला माहितीय. ते मिरजेच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉक्टर, आणि साताऱ्यात व्यसनमुक्तीसाठी परिवर्तन संस्थासुद्धा त्यांनीच उभी केली. भुताची भीती आणि नशा, दोन्हींवर एकाच माणसानं काम केलं हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण दोन्हीकडं माणूस आपल्या मनाची सूत्रं दुसऱ्याच्या हातात देऊन बसतो.

तू म्हणशील मॅडम, एमपीएससी तोंडावर आलीय, झोपून कसं चालेल. अगं झोपल्याशिवाय चालत नाही! 1924 मध्ये जेन्किन्स आणि डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला दिली, नंतर कधी झोपू दिलं कधी जागं ठेवलं, तर झोपेनंतर त्यांच्या जास्त लक्षात राहिलं. त्यानंतर शंभर वर्षं ह्याच्यावर काम चाललंय आणि मोठं चित्र तेच आहे की दिवसभर वाचलेलं पक्कं करायचं काम रात्री चालतं. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते आणि रेम पहाटेकडं. अडीचला झोपून साडेपाचला उठलीस तर झोपेचा शेवटचा, रेमचा बराचसा भाग तू रोज फेकून देतेस. त्या ग्रुपवर पोरं दोन रात्री जागलो म्हणून फुशारकी मारतात ना, त्यांना रँडी गार्डनरची गोष्ट सांग. सॅन दिएगोचा 17 वर्षांचा मुलगा, शाळेच्या सायन्स प्रोजेक्टसाठी 1963 च्या डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत 264 तास जागा राहिला. शेवटी त्याला 100 मधून सात-सात वजा करत जा म्हणून सांगितलं तर 65 पर्यंत आला आणि थांबला, का थांबलास विचारलं तर आपण काय करत होतो हेच तो विसरला होता. अशा डोक्यानं तू सीसॅटचा पेपर सोडवणार?

कॉफीचं पण बघ. जागं असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्यानं झोपेची ओढ वाढते. कॅफिन त्या अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, साठलेलं कमी करत नाही, फक्त कळू देत नाही. आणि घेतलेल्या कॅफिनातलं निम्मं अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं पहाटे तीनला अंगात आहे. दुपारी दोननंतर बंद कर, चहासुद्धा कमी कर.

स्वप्नांचं विचारलंस, हॉल तिकीट हरवतं आणि पेपर सुरू झालेला असतो, ह्याचा अर्थ काय. फ्रॉइडनं प्रत्येक स्वप्नामागं दडपलेली इच्छा शोधली, 1977 मध्ये हॉब्सन आणि मॅकार्ली म्हणाले की ब्रेनस्टेममधून येणाऱ्या विस्कळीत संदेशांना मेंदू गोष्टीचं रूप देतो. मला फ्रॉइडचं सगळं पटत नाही, पण स्वप्नात नुसता गोंधळ असतो हेही पटत नाही. ऑटो लोवी नावाच्या शास्त्रज्ञाला नसेतून हृदयाला निरोप रसायनानं जातो का हे तपासायचा प्रयोग झोपेत सुचला, रात्री उठून चिठ्ठी लिहिली पण सकाळी आपलंच अक्षर वाचता येईना, दुसऱ्या रात्री परत सुचला तेव्हा तो सरळ लॅबमध्ये गेला आणि बेडकाच्या हृदयावर करून बघितला. 1936 चं नोबेल त्या कामाला मिळालं. पण तो आधी कितीतरी वर्षं त्या प्रश्नाच्या मागं होता. तुझं हॉल तिकीटाचं स्वप्न सांगतंय की तू घाबरलीयस, ते भविष्य सांगत नाहीये, यूट्यूबवर अर्थ शोधत बसू नको.

आता गोळी. तू पाकिटाचा फोटो पाठवलास, त्यावर लाल चौकट आहे बघ. ती अल्प्राझोलम आहे, शेड्यूल एच 1 मधली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही आणि औषध दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरला नोंद ठेवायची. एवढा बंदोबस्त उगीच नाही. ही गोळी मेंदूतल्या गाबा नावाच्या शांत करणाऱ्या रसायनाचा असर वाढवते, म्हणून मन शांत होतं, गुंगी येते, पण गाढ झोपेचा भाग त्यानं कमी होतो आणि गोळीच्या असरात वाचलेलं डोक्यात टिकत नाही. म्हणजे ज्या अभ्यासासाठी तू हे सगळं करतेस त्याच्याच मुळावर येतं. काही आठवड्यांत तेवढ्याच गोळीनं भागत नाही, अर्धीची एक होते, आणि न घेतलेल्या रात्री झोप आधीपेक्षा वाईट, मग वाटतं बघ, गोळीशिवाय मला झोपच येत नाही. डॉक्टर काही आजारांत ठरावीक दिवसांसाठी ही देतात आणि तिचा उपयोग होतो, मी औषधाच्या विरोधात नाहीये. मैत्रिणीच्या पर्समधून आलेल्या औषधाच्या विरोधात आहे. दारूबरोबर किंवा कफ सिरपबरोबर तर कधीच नाही, श्वास मंदावतो, जीव जाऊ शकतो. आणि हे फार महत्त्वाचं, तू म्हणालीस दोन-तीनदाच घेतली, तसं असेल तर आजपासून बंद. पण खरंतर रोज चालू असेल आणि मला सांगायला लाजत असशील तर स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नकोस, रोजची सवय असताना अचानक तोडली तर फिटसुद्धा येऊ शकते, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायची असते. मी रागावणार नाही, फक्त खरं सांग.

घाटावर बसणाऱ्या पोरांचं जे लिहिलंस, की गांजानं झोप छान लागते आणि तुरीय, म्हणजे गाढ झोपेच्याही पलीकडच्या चौथ्या अवस्थेचा अनुभव येतो. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशा चार अवस्था आहेत खऱ्या, पण त्या बारा मंत्रांमध्ये कुठल्याही पदार्थाचा उल्लेख नाही. गांजानं सुरुवातीला लवकर झोप लागते पण रेम दबते, आणि रोज ओढणारा सोडायला गेला की स्वप्नांचा लोंढा येतो, झोप उडते, मग परत ओढतो. तुझ्या काकांचा आजार मला माहितीय, ज्यांच्या घरात सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजाराचा इतिहास आहे त्यांना गांजाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तुझ्यासाठी एक झुरकासुद्धा नको. आणि त्यातलं कुणी जागं राहायला एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही नशेची पावडर देऊ केली तर तिथं एक मिनिट थांबू नकोस. 2024 च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी सांगलीजवळच्या कुपवाडला एमडीचा साठा पकडला, म्हणजे ही गोष्ट आता लांब मुंबईत राहिलेली नाही, आपल्या दारात आलीय.

ह्या आठवड्यात एवढंच कर, उठायची वेळ पक्की धर, सहा म्हणजे सहा, सुट्टीच्या दिवशी पण. रात्री साडेदहाला पुस्तक बंद, मोबाईल मैत्रिणीच्या टेबलावर ठेव. गळीत हंगामात रात्रभर ऊसाचे ट्रॅक्टर टेप लावून जातात हे मला पण माहितीय, कानात कापूस घाल, रस्त्याकडची कॉट बदलून माग, मालकीणबाईंशी मी बोलते. झोप आली नाही तर तळमळत पडू नकोस, उठून खुर्चीत बस, काहीतरी हलकं वाच, डोळे जड झाले की परत जा. दुपारी झोपायचंच असेल तर वीस मिनिटं, अलार्म लावून. रात्री फारच घाबरलीस, वेडंवाकडं मनात यायला लागलं तर मला फोन कर, मी उचलला नाही तर 14416 वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आजीला उद्या मी फोन करते. आणि सोमवारी दुपारी मला लेक्चर नाही, मिरजेला डॉक्टरांकडं दोघी जाऊ, मी वेळ घेतलीय. पाकीट बरोबर आण. गोळी कुणी दिली हे तिथं सांगायची गरज नाही, पण किती घेतली आणि कधीपासून ते मात्र जसंच्या तसं सांग.

तुझी,
मॅडम