गाडी घसरते तेव्हा आधी टायरचं ऐक

कार रेसिंगच्या गेममध्ये गाडी सारखी घसरते म्हणून गेमचं फिजिक्स खोटं आहे असं लगेच ठरवू नकोस. खऱ्या गाडीत घसरण आधी कमरेला, सीटमधून कळते. इथे फक्त पडदा, आवाज आणि स्टिअरिंगचा फोर्स फीडबॅक (स्टिअरिंग हाताला देतं तो ताण आणि झटके), त्यामुळे ती उशिरा जाणवते.

टायरकडे पकड ठरावीकच असते. ब्रेक, वळण आणि अ‍ॅक्सिलरेटर तिघं तीच वाटून घेतात. ब्रेक पूर्ण दाबून स्टिअरिंग वळवलंस तर गाडी सरळच जाणार. म्हणून वळायला लागलास की ब्रेक हळूहळू सोड. एकदम सोडलास तर पुढच्या चाकांवरचं वजन कमी होतं आणि नाक आत वळत नाही. उलट, वेगात वळताना अ‍ॅक्सिलरेटर झटक्यात सोडलास तर मागची चाकं हलकी होऊन गाडी गरकन फिरते. नवखे बहुतेक इथेच फसतात.

पुढची चाकं घसरली की स्टिअरिंग आणखी वळवावंसं वाटतं. नको! टायरची पकड थोड्या कोनापर्यंतच वाढते, पुढे घटते. स्टिअरिंग किंचित सैल कर, पकड परत येते. हे हाताला पहिल्यांदा जाणवतं ना, तो क्षण फार सुंदर असतो.

टायर थंड असताना पहिला लॅप सांभाळून काढ.

गेममध्ये सरावाला गाडी माझदा एमएक्स-५ घे, ही छोटी स्पोर्ट्स कार आहे. ताकद कमी, त्यामुळे चूक सावकाश दिसते. जीटी३ मध्ये (शर्यतीच्या ताकदवान गाड्यांचा वर्ग) एबीएस, म्हणजे ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर देताना चाक जागीच फिरू न देणारी यंत्रणा, तुझ्या चुका झाकतात, ती नंतर.