गाडी सुटताना: वाचकांचे प्रश्न, गार्डकाकांची उत्तरं

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत, प्लॅटफॉर्मवरचे अपघात आणि त्यावर लोक काय बोलतात. मी आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यातून प्लॅटफॉर्म बघितलाय, त्यामुळे पहिल्या पत्राला उत्तर जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न: नमस्कार काका. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. गेल्या महिन्यात लग्नाला निघालो होतो, गाडी बदलायला एका मोठ्या जंक्शनवर उतरलो. गाडी यायला पाच-सात मिनिटं असताना अनाउन्समेंट झाली की दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर येणार, मग सगळे सामान उचलून पुलाकडे पळाले. आम्ही कसेबसे चढलो. गाडी हलली आणि पन्नाशीतले एक गृहस्थ बॅग घेऊन डब्याबरोबर पळत आले, दांडा धरला, पाय सटकला आणि खाली ओढले गेले. कुणीतरी चेन ओढली म्हणून वाचले पण पायाचं काय झालं ते बघवत नव्हतं. त्यांची बायको आमच्याच डब्यात होती. आणि आजूबाजूला काय तर चार-पाच मोबाईल वर आणि सगळ्यांचं एकच, "उतावळ करवानी शी जरूर हती?" (घाई करायची काय गरज होती?) घरी आल्यावर फॅमिली ग्रुपवर सांगितलं तर तिथेही तेच, चूक त्यांचीच. खरं सांगू का काका, माझ्याही मनात पहिलं तेच आलं. आता ते आठवून झोप लागत नाही. असं वाटणं चुकीचं आहे का?
— एक भगिनी, दांडिया बाजार

उत्तर: ताई, असं वाटणं माणसाचं आहे. डोळ्यासमोर इतकं भयंकर काही झालं की मन लगेच कारण शोधतं, आणि "त्याची चूक" हे सगळ्यात हाताशी असलेलं कारण, कारण मग आपल्याला वाटतं मी अशी चूक करणार नाही म्हणजे मला काही होणार नाही. धीर येतो त्यानं. पण तुमच्याच पत्रात एक ओळ आहे ती परत वाचा, "त्यांची बायको आमच्याच डब्यात होती."

मी ही गोष्ट इतक्या वेळा पाहिली आहे. माझं काम काय, तर ड्रायव्हरला हिरवी झेंडी दाखवायची आणि गाडी प्लॅटफॉर्म सोडेपर्यंत मागच्या दारातून बघत राहायचं. एकदा एका छोट्या स्टेशनवर गाडी हलल्यावर एक बाई पळताना दिसली, अंगावर नेसूचं लुगडं, हातात काहीच नाही, आणि ती किंचाळत होती. मी ब्रेक टाकला. गाडी थांबली तेव्हा ती पायरीला लोंबकळत होती, गुडघे सोलून निघाले होते. खाली उतरलो तर लोक तिलाच ओरडत होते, अक्कल नाही का म्हणून. तिचं चार वर्षांचं पोर गर्दीत आत ढकललं गेलं होतं आणि ती खाली राहिली होती, बास. त्या दिवसापासून मी कुणालाही पळताना पाहिलं की पहिलं मनात येतं, याचं आत कोण आहे? पळणाऱ्याचं बहुतेक वेळा आत कुणीतरी असतं, नाहीतर काहीतरी असतं, सामान, कागदपत्रं, दुसऱ्या दिवशीची परीक्षा.

आणि ती घाई त्या माणसानं घरून आणलेली नसते हो. शेवटच्या पाच मिनिटांत प्लॅटफॉर्म बदलला, पूल एका टोकाला, जनरलचा डबा दुसऱ्या टोकाला, चोवीस डब्यांची गाडी म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्या वर लांबी, आणि हॉल्ट दोन-तीन मिनिटांचा. गुडघे दुखणाऱ्या माणसानं हे कसं जमवायचं? त्यानं धरायला नको होतं हे खरंच आहे, मी ते नाकारत नाही. ताशी १० किलोमीटर म्हणजे बघायला गाडी रांगतेय असं वाटतं पण तेवढ्यात ती सेकंदाला जवळपास ३ मीटर पुढे जाते, आणि हातात बॅग असलेला माणूस तेवढं फार वेळ पळू शकत नाही, दांडा धरला की हात गाडीबरोबर जातो आणि पाय मागे राहतात, मग शरीर फिरतं आणि सरळ गाडी आणि प्लॅटफॉर्मच्या मधल्या गॅपमध्ये. इलेक्ट्रिक इंजिनाची गाडी तर धक्का न देता उचलते, त्यामुळे फसायला होतं.

म्हणून घरच्या सगळ्यांशी आजच ठरवून ठेवा. कुणी खाली राहिलं तर त्यानं पळायचं नाही, आत असलेल्यांनी पुढच्या स्टेशनला उतरायचं आणि फोन करायचा. मूल आत आणि आई खाली अशी वेळ असेल तर आईनं पळायचं नाही, आतल्यांनी चेन ओढायची, ती त्यासाठीच आहे. आणि दारात उभं राहून "या, या, पकडा" म्हणून हात पुढे करायचा नाही! ताई, हे मी हात जोडून सांगतो, तो प्रेमानं पुढे केलेला हात बघूनच माणूस उडी मारतो. त्या हातामुळे गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

प्रश्न: काका, माझा मावसभाऊ बडोद्याहून रोज अपडाऊन करायचा. आठ महिन्यांपूर्वी मेमूच्या (जवळपासच्या गावांना जाणारी छोटी इलेक्ट्रिक गाडी) दारातून पडला आणि गेला. दोन लहान मुली आहेत. तेव्हा जमलेले लोक म्हणाले दारात उभा होता म्हणजे चूक त्याचीच, काही मिळणार नाही, आणि वहिनीनं तेच धरून ठेवलं, कुठे अर्जच केला नाही. शिवाय खिशात पासही सापडला नाही. आता काही होऊ शकतं का?
— एक वाचक, वारसिया

उत्तर: होऊ शकतं, आणि हे उत्तर वाचून झालं की आजच वहिनींकडे जा, कारण अर्जाला एक वर्षाची मुदत असते आणि तुमचे आठ महिने गेलेत. उशीर झाला तर योग्य कारण दाखवून माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर बसू नका.

रेल्वे कायदा १९८९ चं कलम १२४-अ असं आहे की प्रवासी चालत्या गाडीतून अपघातानं पडला तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यायची. मृत्यूसाठी १ जानेवारी २०१७ पासून ही रक्कम ८ लाख रुपये आहे. नाही कुणाला मिळत, तर आत्महत्या असेल, मुद्दाम स्वतःला इजा केली असेल, स्वतःच्या गुन्ह्यामुळे झालं असेल, नशेत असेल, किंवा आजारानं नैसर्गिक मृत्यू असेल. यात "निष्काळजीपणा" हा शब्द कुठेच नाहीये. सुप्रीम कोर्टानं ९ मे २०१८ च्या निकालात स्वच्छ सांगितलंय की चढता-उतरताना पडून मेला किंवा जखमी झाला तरी भरपाईचा हक्क आहे, आणि नुसता हलगर्जीपणा म्हणजे मुद्दाम स्वतःला केलेली इजा नव्हे. त्याच निकालात हेही आहे की अंगावर तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो प्रवासीच नव्हता असं म्हणता येत नाही, घरच्यांनी प्रतिज्ञापत्रावर हकीकत दिली की पुढे खोडून काढायची जबाबदारी रेल्वेवर येते. तुमच्या भावाचा पास मोबाईलवर काढलेला असेल तर त्याचा रेकॉर्ड असणार, जुने पास घरात असतील, रोजचे अपडाऊनवाले दोस्त साक्ष देतील, ते सगळं गोळा करा.

अर्ज रेल्वे क्लेम्स ट्रायब्युनलकडे, म्हणजे रेल्वेच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे करायचा, गुजरातसाठी अहमदाबादला खंडपीठ आहे. रेल्वे पोलिसांचा पंचनामा, पोस्टमॉर्टम रिपोर्ट, मृत्यूचा दाखला, नात्याचे पुरावे, हे लागतं. वकील करायचा तर रक्कम मिळाल्यावर एवढे टक्के द्या म्हणणाऱ्यापासून लांब राहा. जिल्ह्याच्या कायदेशीर सेवा प्राधिकरणात बायकांना मोफत वकील मिळतो, तिथे आधी जा.

आणि मला इथे थोडं चिडून बोलू द्या. प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या ज्या अनोळखी माणसानं दोन सेकंदात "चूक त्याचीच" म्हटलं, तो घरी जाऊन जेवला असेल, विसरूनही गेला असेल. त्याच्या त्या वाक्यानं एका विधवेनं आठ महिने कागद हातात घेतला नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातली माणसं पडली, त्याच दिवशी चार जण गेले, आणि संध्याकाळपर्यंत लोक विचारत होते दारात लटकायचंच कशाला. आत उभं राहायला जागा असती तर कोण लटकलं असतं?

(रूळ ओलांडताना गाडीची धडक बसली तर मात्र हे कलम सहसा लागू होत नाही. हेही माहीत असू द्या.)

प्रश्न: सर, मी इंजिनिअरिंगला आहे. अपघाताचा व्हिडिओ काढणाऱ्यांना सगळे शिव्या देतात पण व्हिडिओमुळेच प्रकरण बाहेर येतं ना? नाहीतर दोन दिवस राग आणि मग सगळं थंड. मग करायचं तरी काय?
— एक विद्यार्थी, सयाजीगंज

उत्तर: बाळा, प्रश्न चांगला आहे. आधी पहिल्या मिनिटाचं सांगतो. माणूस काठावर अडकलेला असेल तर काखेत हात घालून प्लॅटफॉर्मच्या आतल्या बाजूला ओढ. खाली गेला असेल आणि गाडी चालू असेल तर ओढायला जाऊ नकोस, ओरडून सांग "आडवा पड, हलू नको, डोकं वर करू नको", आणि डब्यातल्यांना चेन ओढायला सांग. चेन ओढली तर दंड होईल म्हणून लोक घाबरतात, पण रेल्वे कायद्याच्या कलम १४१ मधली शिक्षा विनाकारण ओढणाऱ्याला आहे, जीव वाचवायला ओढणाऱ्याला नाही. दुसऱ्यानं गार्डच्या दिशेनं दोन्ही हात वर करून धावायचं, तिसऱ्यानं १३९, म्हणजे रेल्वेची हेल्पलाईन, लावायचा. एवढं झाल्यावर हात मोकळा असेल तर खुशाल शूट कर, पण जखमी माणसाला नाही. पूल किती भरलाय, बोर्डवर काय लिहिलंय, घड्याळ, गॅप केवढी आहे, ते काढ आणि रेल्वे पोलिसांना दे. ग्रुपवर टाकलेला रक्ताचा व्हिडिओ पुरावा म्हणून कुणी वापरत नाही, तो फक्त त्याच्या मुलांपर्यंत पोचतो.

राग थंड होतो हे खरं, पण रागाचा उपयोग झालेलाही मी पाहिलाय. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर पावसात माणसं अडकली आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. अरुंद पुलाबद्दल तक्रारी तर आधीपासून होत्या. त्यानंतर लोक इतके खवळले की लष्कराला बोलावून नवा पूल बांधला, फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरूही झाला. पाच महिन्यांत! म्हणजे होत नव्हतं असं नाही. नवी दिल्ली स्टेशनवर १५ फेब्रुवारी २०२५ ला कुंभाच्या गर्दीत १८ जण गेले, सारख्या नावाच्या गाड्यांच्या अनाउन्समेंटनं गोंधळ उडाला असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं होतं, आणि नंतर ६० गर्दीच्या स्टेशनांवर लोकांना बाहेर थांबवायच्या जागा करायचं रेल्वेनं ठरवलं.

तर तू काय कर, माणूस मरायच्या आधी तक्रार कर. तारीख, गाडी नंबर, आधी कुठला प्लॅटफॉर्म सांगितला, किती वाजता बदलला. मोघम "व्यवस्था वाईट आहे" लिहू नको, त्याला उत्तरही मोघम येतं. मग माहिती अधिकारात, १० रुपये फी, विचार की गेल्या वर्षभरात आयत्या वेळी किती वेळा प्लॅटफॉर्म बदलला. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कॉलेजातले दहा जण मिळून केलंत तर जास्त चांगलं.

प्रश्न: मी बहात्तर वर्षांची आहे. मला गाडीपेक्षा स्टेशनबाहेरच्या रस्त्याची जास्त भीती वाटते. रिक्षा, बस, स्कूटर, कुणी थांबतच नाही. माझ्यासारखीनं काय करावं?
— एक आजी, अलकापुरी

उत्तर: आजी, तुमची भीती बरोबर आहे. २०२२ या एका वर्षात देशात ३२,८२५ पायी चालणारी माणसं रस्त्यावर मेली, हा सरकारचाच आकडा. आणि १४ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की चांगला, अडथळ्याविना फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, तेव्हा नगरसेवकाकडे फुटपाथ मागताना उपकार मागतोय असं वाटून घेऊ नका.

तोवर एक करा. आपल्या बडोदा स्टेशनला दोन बाजू आहेत. तुम्ही अलकापुरीच्या, तर परत येताना न्यायला येणाऱ्याला अलकापुरीच्याच बाजूला उभं राहायला सांगा, रिक्षावाल्यालाही तसंच सांगा. सयाजीगंजकडे उतरून मग रस्ता ओलांडत आणि गरनाळ्यातून (रुळांखालच्या रस्त्यातून) घरी येत बसू नका, पावसाळ्यात तर नकोच नको, पाणी भरतं. आणि एकट्या असाल तर शेजारच्या कॉलेजच्या पोराला खुशाल सांगा "बेटा, पलीकडे सोड." अजून एकानंही नाही म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

प्रश्न: आजोबा, प्लॅटफॉर्मवर काठाजवळ पिवळ्या फरशा असतात त्यांना फोड आल्यासारखे गोळे का असतात? बाबा म्हणाले डिझाईन आहे.
— इयत्ता पाचवी, रावपुरा

उत्तर: डिझाईन नाही बाळा. ज्यांना दिसत नाही ते लोक काठीनं आणि पायानं त्या फरशा वाचतात. लांब पट्ट्या असतील तर "या दिशेनं चालत राहा", गोळे असतील तर "थांब, पुढे धोका आहे". म्हणून त्याच्यावर बॅग ठेवायची नाही आणि आपणही गोळ्यांच्या मागेच उभं राहायचं. पुढच्या वेळी स्टेशनवर गेलास की चप्पल घालूनच, डोळे मिटून, बाबांचा हात धरून त्यावर पाय ठेवून बघ, कळतं का ते मला लिहून पाठव.